डॉक्टर, चालायचं कुठे?

“डाक्टरानू, चलाक सांगतास ता खरा. पण चलूचा खंय?”

ओपीडीत समोर बसलेले गृहस्थ ६२ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. मधुमेह १२ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. ‘रोज अर्धा तास चाला’ असे मी त्यांना तिसऱ्यांदा लिहून दिले होते. वास्तविक दुसऱ्या खेपेनंतर ते चालू लागलेही होते. पहाटे, घरासमोरच्या डांबरी रस्त्याच्या कडेने. आठवडाभरात मागून आलेल्या दुचाकीचे हँडल कोपराला लागले आणि ते गटारात पडले. हाड वाचले, पण चालणे सुटले. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी तपासणी आता ८.९ दाखवत होती.

सरकारी रुग्णालयात मला पंचवीसेक वर्षे झाली. ‘चाला’ हा शब्द मी किती हजार केसपेपरवर लिहिला असेल, पण कुठे चालायचे हे एकदाही लिहिले नाही. शहरात निदान एखादी बाग असते. आमच्याकडे गावात रस्ता एकच आणि त्याला पदपथ नाही. बाकीच्या वाटा कामाच्या, मळ्याकडे किंवा विहिरीकडे जाणाऱ्या. काम नसताना कोणी नुसतेच चालताना दिसले की चार जण थांबवून विचारतात, काय हरवलं काय?

या गृहस्थांचे घर धामापूरच्या पंचक्रोशीत. मालवणहून चौकेमार्गे कुडाळकडे जाताना लागणारे धामापूरचे तळे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १५३० साली नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने ते बांधले असे सांगितले जाते. दोन्ही अंगांना दाट झाडीच्या टेकड्या, मधल्या दरीच्या तोंडाशी बांध, काठावर भगवतीचे देऊळ आणि खालच्या अंगाला माड-पोफळी. २०२० मध्ये सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याची नोंद घेतली. माझ्या रुग्णाच्या दृष्टीने मात्र दोनच गोष्टी महत्त्वाच्या होत्या. तिथे सावली आहे आणि तिथे मोटारसायकल मागून येत नाही.

“तळ्यावर जा,” मी म्हटले. “बांधावरून आणि कडेच्या पायवाटेने पंधरा मिनिटे जायचे, घड्याळ बघायचे आणि तिथूनच मागे फिरायचे. वाट कुठवर जाते ते बघायला जायचे नाही.”

हा मागे फिरण्याचा नियम मी सर्वांनाच सांगतो. अंतर ठरवले की माणूस ईर्ष्येने पुढे जातो आणि दमल्यावर तेवढेच अंतर परतायचे शिल्लक असते. वेग किती असावा? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये इतका. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मधुमेहींनी यातली दहा-पंधरा मिनिटे जेवणानंतर घातली, तर जेवणानंतरची साखरेची उसळी कमी होते. त्याला अंगण पुरते.

मग झाडी आणि पाणीच कशाला? घरातल्या ट्रेडमिलवर पाय हलत नाहीत का? हलतात. पण मातीच्या वाटेवर प्रत्येक पाऊल थोडे वेगळे पडते. घोट्याचे आणि नडगीचे स्नायू सतत तोल सावरत राहतात. साठीनंतर माणसे पडतात ती बऱ्याचदा हा सराव सुटल्यामुळे. दुसरी गोष्ट मनाची. अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३८ जणांपैकी काहींना ९० मिनिटे हिरवळीतून आणि बाकीच्यांना रहदारीच्या रस्त्याकडेने चालायला लावले. हिरवळीतून आलेल्यांच्या डोक्यातले तेच ते विचारांचे दळण कमी झाले आणि मेंदूच्या संबंधित भागाची क्रियाही मंदावलेली दिसली. इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या पाहणीत, आठवड्याला दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे असे सांगणारे जास्त निघाले. अर्थात ज्यांची तब्येत बरी तेच बाहेर पडतात, असाही त्याचा अर्थ लावता येतो. म्हणून मी जंगलाला औषध म्हणत नाही. जपानमध्ये १९८२ पासून ‘वनस्नान’ या नावाने याचा प्रसार झाला. आपल्याकडे ते महागड्या शिबिरांतून येऊ लागले आहे, याचे मला हसू येते.

आता काळजीचे बोलू. कोकणातला जांभा दगड ओला झाला की शेवाळाने बुळबुळीत होतो. तळ्याच्या पायऱ्यांवर घसरून खुब्याचे हाड मोडलेला माणूस पुढची दोन वर्षे चालण्याचे नाव काढत नाही. पाण्याजवळ जाऊ नका, काठी घ्या, रबरी सपाता नकोत. मधुमेहींनी ‘मातीचा स्पर्श’ वगैरे ऐकून अनवाणी चालू नये. संवेदना गेलेल्या तळव्याला काटा कळत नाही, तो आम्हाला कळतो, पाय सुजून काळा पडल्यावर. घरी आल्यावर दोन्ही तळवे पाहायचे, वाकता येत नसेल तर आरशात. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. हृदयरुग्णांनी एकट्याने जाऊ नये, झाडीत मोबाइलला रेंज नसते. छाती आवळल्यासारखी वाटली तर तिथेच बसायचे.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना चालू नये. लेप्टोचे जंतू तिथूनच शिरतात. डिसेंबर ते मे हा गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापाचा हंगाम. २०१६ च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. त्या भागातल्यांनी अंगभर कपडे घालावेत, पालापाचोळ्यात बसू नये, मेलेले माकड दिसल्यास हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. रानात जाऊन आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा. निम्मे निदान तिथे होते. साप चावल्यास घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे हे काही नको. तो अवयव हलवू नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा, प्रतिसर्पविष तिथे मोफत मिळते.

सिंधुदुर्गाबाहेरच्या वाचकांनाही अशी ठिकाणे शोधता येतील. निफाडजवळ नांदूर मधमेश्वर आहे, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेले महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. गोंदिया जिल्ह्यात नवेगाव बांध आहे. तुमच्या तालुक्यातही एखादा पाझर तलाव, त्याचा बांध आणि चार झाडे असतीलच. ग्रामपंचायतींना एक विनंती. तिथे पेव्हर ब्लॉक बसवू नका. वाटेवरचे काटे काढा आणि दर पाच मिनिटांच्या अंतरावर एक बाक टाका. दम लागणाऱ्या माणसाला पुढचा बाक दिसला तर तो घराबाहेर पडतो.

आमचे वाहक नोव्हेंबरपासून तळ्यावर जातात. मार्चपासून पत्नीही बरोबर असते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती पहिल्या वळणावर बसते आणि ते परत येईपर्यंत खंड्या आणि पाणकावळे मोजते. जूनच्या तपासणीत एचबीए१सी ७.८ आली. मी मधे गोळीही वाढवली होती, त्यामुळे श्रेय वाटेचे किती आणि गोळीचे किती ते सांगता येणार नाही. रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवताना त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, “आता पावसात काय करू?”

देवळाच्या सभामंडपात पंधरा मिनिटे फेऱ्या मारा, सकाळ-संध्याकाळ, असे मी या वेळी केसपेपरवर जागेसकट लिहिले. वाट सुकली की पुन्हा तळ्यावर.