जमालाचे '१९४४'

गाण्याचे शीर्षक म्हणजे नुसते एक साल; तिथेच मी प्रथम थबकलो. मे १९४४मध्ये स्टालिनने क्रिमियातील तातारांना मालगाड्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार केले. जमालाची पणजी त्यांतलीच. वाटेत तिची लेक दगावली. म्हणूनच जमालाचा जन्म क्रिमियात नव्हे, तर किर्गिझस्तानातील ओश शहरी, १९८३ साली झाला. पुढे कुटुंब मायभूमीत परतले. ती कीव्हमध्ये ऑपेरा शिकली. २०१४मध्ये रशियाने क्रिमिया बळकावला, त्याच वर्षी तिने हे गाणे रचले. २०१६च्या युरोव्हिजन स्पर्धेत, स्टॉकहोमला, त्याचे ध्रुवपद तातारीत गाऊन ती जिंकली. राजकीय गीतांना तेथे मज्जाव. पण शब्दांत एकाही राज्यकर्त्याचे नाव नव्हते. मला वाटते, दुःख पणजीचे होते. ते सांगण्याची वेळ मात्र इतिहासाने ठरवली.