रेस वाढते, गाडी हलत नाही

एटीव्ही गॅरेजात येते तेव्हा मालकाचं निदान बहुधा तयार असतं: "गिअरबॉक्स गेला." पण गिअरबॉक्सच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्याच्या अलीकडे, बेल्टच्या कव्हरखाली असतं.

बहुतेक मोठ्या एटीव्हींची रचना आपल्याला किनेटिक होंडापासून ओळखीची आहे. दोन पुल्या आणि मध्ये रबरी बेल्ट. रेस वाढली की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, तिच्या तबकड्या जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागच्या पुलीत तो तितकाच खाली उतरतो. एटीव्हीत त्यामागे हाय, लो, न्यूट्रल आणि रिव्हर्सचा गिअरबॉक्सही असतो. पोलॅरिसच्या गाड्यांत पुढची पुलीच क्लचचं काम करते. इंजिन आयडलिंगला असताना तिनं बेल्ट मोकळा सोडायला हवा.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी उभी असताना गिअर करकरत पडत असेल, तर इंजिन बंद करून पुन्हा टाकून पाहा. दात दातावर आले असतील तर गाडी किंचित पुढेमागे हलवा. आता गिअर अलगद पडला, तर संशय पुढे सरकतो: आयडलिंग जास्त आहे किंवा बेल्ट फार ताणलेला आहे, त्यामुळे गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. इंजिन बंद असूनही गिअर अडला, तर आधी लिव्हरपासून येणारा रॉड तपासावा. गिअरबॉक्स खोलायची वेळ त्यानंतर.

रेस चढते, गाडी ओढत नाही आणि जळक्या रबराचा वास येतो, तेव्हा बेल्ट घसरतोय. ओढ्यातून बाहेर पडल्यावरच असं झालं, तर कव्हरमध्ये पाणी शिरलंय. ड्रेन प्लग काढून ते सोडावं, न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट वाळवावा. नागावसारख्या किनाऱ्यावर वाळू हे वेगळंच दुखणं. ती पुलीचे गुळगुळीत पृष्ठभाग खरवडते. निघताना दरवेळी धक्के बसत असतील, तर बेल्ट एका जागी जळून झिजला असण्याची शक्यता मोठी. चाकं अडकलेली असताना हायमध्ये रेस देत राहिलं की हेच होतं. चढ, ओझं, संथ चाल, यांसाठीच तर लो दिलेला असतो! बेल्टची रुंदी व्हर्नियरनं मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडावी. नुसतं बोटांनी दाबून "ठीक आहे" म्हणणाऱ्या मेकॅनिकवर माझा विश्वास नाही.

रॅप्टर ७०० सारख्या, हाताच्या क्लचच्या एटीव्हीचं गणित निराळं. तिथे ऑईलमध्ये बुडालेल्या क्लचप्लेट असतात. कारचं ऑईल घातल्यावर क्लच घसरू लागला, तर प्लेट बदलण्याआधी ऑईल बदलावं; डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं असावं.

आवाजाचं काय? उतारावर रेस सोडून गाडी घरंगळू द्या. घरघर चाकांच्या वेगाबरोबर बदलत असेल, तर बेअरिंग, डिफरन्शियल किंवा गिअर. इंजिनच्या रेसबरोबर बदलत असेल, तर पुढची पुली. संशय गिअरवर असेल, तर गिअरबॉक्सचं ऑईल काढावं. ड्रेन प्लगच्या चुंबकावरचा करडा, लोण्यासारखा मऊ थर ही नेहमीची झीज आहे. ऑईल दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय. चुंबकाला दाताचा तुकडा चिकटलेला दिसला, तर मालकाचं म्हणणं खरं निघालं आणि आता गिअरबॉक्स खोलायलाच हवा.