चित्र अडखळते, दोष मात्र भलत्याच्याच माथी!

संगणकावर चित्रपट सुरू होतो. पहिली काही मिनिटे सुरळीत जातात. मग संवाद पुढे निघून जातात आणि पात्रांचे ओठ मागे राहतात. आतला पंखा घरघरू लागतो, लॅपटॉप असेल तर मांडीला चटका बसतो. अशा वेळी पहिला संशय इंटरनेटच्या जोडणीवर घेतला जातो आणि दुसरा संगणकाच्या वयावर. अधिक वेगाची जोडणी घेतली जाते; कधी नवा संगणकही घरी येतो. वास्तविक अनेकदा दोष या दोहोंचाही नसतो. चित्रफीत उलगडण्याचे काम ज्या ग्राफिक्स चिपने करायचे, तिच्यापर्यंत ते पोहोचलेलेच नसते आणि सारा भार मुख्य प्रोसेसर एकटा वाहत असतो. सेटिंग्जच्या यादीत 'हार्डवेअर ॲक्सिलरेशन' या काहीशा बोजड नावाने दडलेला पर्याय याच कामवाटपाशी संबंधित आहे.

टिपणांवरून उभे राहणारे चित्र

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. प्रत्येक बिंदूच्या रंगासाठी तीन बाइट धरले, तर एकच चौकट सहा मेगाबाइटच्या वर जाते. सेकंदाला अशा २५ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटाला ११०० गिगाबाइटहून अधिक जागा लागेल. दोन थरांच्या ब्लू-रे तबकडीत मात्र ५० गिगाबाइटच मावतात आणि इंटरनेटवरून येणारा चित्रपट त्याहूनही कितीतरी लहान असतो.

ही किमया 'कोडेक'ची. क्रिकेटच्या सामन्यात गोलंदाज धावत येतो, तेव्हा खेळपट्टी आणि यष्ट्या जागच्या जागी असतात. मग प्रत्येक चौकटीत त्या पुन्हा कशाला साठवायच्या? कोडेक अधूनमधून एक संपूर्ण चौकट साठवतो. पुढील चौकटींसाठी कोणता तुकडा कोठून कोठे सरकला आणि त्यात काय बदलले, एवढीच टिपणे ठेवतो. चित्रपट पाहताना या टिपणांवरून पूर्ण चित्र पुन्हा उभे करावे लागते आणि तेही डोळ्यांना खंड न जाणवू देता. 'फोर के' चित्र सेकंदाला ६० चौकटींनी दाखवायचे, तर दर सेकंदाला जवळपास ५० कोटी बिंदू तयार व्हावे लागतात. वेळ साधली नाही, की प्लेअर काही चौकटी सरळ गाळतो. चित्र अडखळते ते येथे.

एकच काम जाणणारी गिरणी

मुख्य प्रोसेसर हा सर्व कामे जाणणारा गडी. पत्र लिहिण्यापासून हिशेबापर्यंत जे सांगाल ते तो करतो. चित्रही उलगडतो, पण त्यात त्याची बरीच शक्ती आणि वीज खर्ची पडते. ग्राफिक्स चिपमध्ये याच कामासाठी घडवलेला स्वतंत्र विभाग असतो. घरच्या जात्यावर दळण होतेच, परंतु गिरणीत तेच काम कमी श्रमात आणि झटपट होते, तसा हा प्रकार. हे काम त्या विभागाकडे गेले, की प्रोसेसर मोकळा होतो, पंखा शांत राहतो आणि लॅपटॉपची बॅटरी अधिक काळ टिकते.

ही कल्पना नवी नाही. डीव्हीडी आली, तेव्हा, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, सामान्य प्रोसेसरला तिचे एमपीईजी-२ चित्र पेलत नसे आणि त्यासाठी वेगळे कार्ड विकत मिळे. पुढे ग्राफिक्स कार्डांनीच हे काम अंगावर घेतले. कार्ड आणि प्लेअर यांच्यातील देवाणघेवाणीसाठी मायक्रोसॉफ्टने २००० च्या सुमारास 'डीएक्सव्हीए' ही व्यवस्था विंडोजमध्ये आणली. एनव्हिडियाचे 'प्युअरव्हिडिओ' २००४ मध्ये आले. २००८ मध्ये याच कंपनीने लिनक्ससाठी 'व्हीडीपीएयू' उपलब्ध केले. २०११ मध्ये इंटेलने 'सँडी ब्रिज' मालिकेत 'क्विक सिंक' हा विभाग प्रोसेसरच्याच चिपवर बसवला. त्यामुळे वेगळे कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपमध्येही आज ही सोय असते.

गव्हाच्या जात्यात मिरची दळता येत नाही

गिरणीत गव्हाचे जाते वेगळे आणि मिरचीचे वेगळे. ग्राफिक्स चिपचेही तसेच आहे. हा विभाग जे कोडेक जाणतो, तेवढेच उलगडतो आणि चिप एकदा घडल्यावर त्यात नव्या कोडेकची भर सहसा पडत नाही. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. एचईव्हीसी आणि गुगलचे व्हीपी९ हे दोन्ही २०१३ चे, तर एव्ही१ २०१८ चे. एव्ही१ उलगडणारा विभाग एनव्हिडियाच्या कार्डांत आणि इंटेलच्या प्रोसेसरांत २०२० पासून, तर ॲपलच्या मॅक संगणकांत २०२३ च्या 'एम३' चिपपासून आला.

यातून एक गमतीदार विसंगती निर्माण होते. एनव्हिडियाचे २०१८ मधील 'आरटीएक्स २०८० टीआय' हे महागडे कार्ड खेळांसाठी नावाजलेले. परंतु एव्ही१ चित्रफीत त्याच्या या विभागाला उलगडता येत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीतील लॅपटॉपच्या प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सला मात्र ते जमते. तात्पर्य, चित्रफितींसाठी कार्ड घेताना किमतीपेक्षा त्याची कोडेकची यादी महत्त्वाची.

दोष ओळखावा कसा?

प्लेअर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ड्रायव्हर या साखळीतील एक कडी जरी निसटली, तरी काम बहुधा निमूटपणे प्रोसेसरकडे वळते. त्याची सूचना पडद्यावर येत नाही. म्हणूनच तपासणी आवश्यक ठरते.

विंडोज १० किंवा ११ मध्ये चित्रफीत सुरू ठेवून 'टास्क मॅनेजर' उघडावा आणि 'परफॉर्मन्स' विभागात 'जीपीयू' निवडावे. 'व्हिडिओ डीकोड' (काही संगणकांवर 'व्हिडिओ कोडेक') हा आलेख हलत असेल, तर काम योग्य ठिकाणी चालले आहे. तो शून्यावर असून प्रोसेसरचा आलेख वर गेला असेल, तर दोष सापडला.

यूट्यूबवरील चित्रावर माऊसची उजवी कळ दाबून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' निवडल्यास चालू कोडेकचे नाव आणि गाळलेल्या चौकटींची संख्या दिसते. पुढील काही सेकंदांचा साठा ('बफर हेल्थ') पुरेसा असूनही गाळलेल्या चौकटी वाढत असतील, तर इंटरनेटला दोष देण्यात अर्थ नाही.

उपाय साधे आहेत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा. क्रोममध्ये 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' विभागात ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचा पर्याय चालू आहे ना, ते पाहावे. व्हीएलसीमध्ये हाच पर्याय 'प्रेफरन्सेस'मधील 'इनपुट / कोडेक्स' येथे असतो. जुन्या संगणकाला व्हीपी९ किंवा एव्ही१ झेपत नसेल, तर यूट्यूबकडून एच.२६४ चित्रच मागवणारे एक्स्टेन्शन ब्राउजरला जोडता येते. यूट्यूब या कोडेकमध्ये फुल एचडीपर्यंतचेच चित्र देते, हे मात्र ध्यानात ठेवावे. जुन्या पडद्यासाठी तेवढे पुरेसे असते.

क्वचित उलटेही घडते. चित्रावर हिरवे चौकोन उमटणे, पडदा काळा पडणे हे सदोष ड्रायव्हरचे लक्षण असू शकते. तेव्हा हा पर्याय तात्पुरता बंद करून पाहणे इष्ट.

अर्थात, प्रत्येक जुना संगणक याने तरुण होणार नाही. ज्याच्या चिपला कोडेक ठाऊक नाही आणि प्रोसेसरही दुबळा आहे, तेथे मर्यादा मान्य करावीच लागते. मात्र नव्या संगणकासाठी हजारो रुपये मोजण्यापूर्वी टास्क मॅनेजरमधील त्या एका आलेखाकडे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. चांगला चालणारा संगणक भंगारात जाण्यापासून वाचवायला तेवढी पुरेशी ठरू शकतात.