डोळ्याची भिंत

डोळा हा विषय आमच्याकडे वैद्यकाच्या दारातून आला नाही. तो भरपाईच्या अर्जातून आला. अकोल्याच्या बाजूला एका जिनिंग फॅक्टरीत छिन्नीवर हातोडा मारताना कपची उडून फिटरच्या डोळ्यात घुसली. डोळा शिवून वाचला, दृष्टी गेली. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक डोळाच गेल्यास कमाईच्या शक्तीची हानी 40 टक्के धरलेली होती. नेत्रगोल शाबूत राहून नुसती दृष्टी गेल्यास 30 टक्के. म्हणजे नुसत्या कवचाची किंमत दहा टक्के! ते कवच आहे तरी काय, हे पाहिल्यावाचून आम्हांला राहवेना.

डोळा हा सुमारे 24 मिलिमीटर व्यासाचा गोळा. त्याच्या भिंतीचा पांढरा भाग ते श्वेतपटल. पुढची पारदर्शक खिडकी ते स्वच्छमंडल. दोहोंचा मुख्य माल एकच, कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू. पण विणकर दोन! खिडकीत सारख्या जाडीचे तंतू सारख्या अंतरावर थरावर थर लागलेले, म्हणून प्रकाश आरपार जातो. श्वेतपटलात लहानमोठे तंतू आडवेतिडवे गुंतलेले, म्हणून ते पांढरे दिसते आणि चिवटही असते. सुताच्या गिरणीत ज्यांचे हात गेले त्यांना हे वेगळे सांगायला नको.

हे तंतू मुळात नागमोडी असतात. सैल कासरा बैलाने ओढला की आधी तो नुसता सरळ होतो, खरा जोर मागाहून बसतो, तसेच येथे. थोड्या ताणाला भिंत नमते, पुढे एकदम ताठ होते. आत पाऱ्याच्या 10 ते 21 मिलिमीटरइतका दाब रात्रंदिवस असतो आणि त्यावरच गोळ्याचा आकार टिकतो. भिंत जितकी पातळ तितका तिच्यावर ताण अधिक. सायकलची ट्यूब कोठे फुगते ते आठवावे.

आता ही भिंत सर्वत्र सारखी नाही. मागे, दृष्टीच्या मज्जातंतूजवळ, ती सुमारे 1 मिलिमीटर जाड, मध्याशी निम्मी, आणि डोळा फिरवणारे स्नायू जेथे चिकटतात त्याच्या लगेच मागे अवघी 0.3 मिलिमीटर. विटी किंवा पट्ट्याचे तुटलेले टोक डोळ्यावर आदळले की आतला दाब एकाएकी चढतो, आणि भिंत मार बसला तेथेच फाटेल असे नाही. पुष्कळदा ती या पातळ जागी किंवा खिडकीच्या कडेला फाटते. वरून नुसते रक्त साकळलेले दिसते, फाट त्याखाली झाकलेली. अशा वेळी शेजारचा सोबती मायेने ओले फडके दाबून धरतो, आणि आतला ऐवज बाहेर येतो. दाबू नये, चोळू नये, रुतलेली कपची उपटू नये. डोळ्याला न टेकेल अशी वाटी वरून बांधावी आणि थेट दवाखाना गाठावा.

शेतात पऱ्हाटीचे टोक लागते, तेही साधे समजू नये. ओरखड्यातून बुरशी शिरली तर खिडकीचे कोलॅजेन विरघळत जाऊन भोक पडू शकते. दुकानातून मागून आणलेले स्टेरॉइडचे थेंब ही बुरशी वाढवतात.

कारखान्यात चष्मा द्यावा असे 1948 च्या कारखाना कायद्याचे 35 वे कलम सांगत होते. मालक देत नसे हे खरे; पण मे महिन्यात काच घामाने भरते म्हणून आमचेच लोक तो खुंटीला लावत, हेही खरे.

त्या फिटरला 30 टक्केच मिळाले. गोळा शाबूत होता.