फ्रेंच व्याकरण अवघड वाटतंय? आधी मराठी आठवा

फ्रेंचच्या पहिल्या काही धड्यांतच एक प्रश्न हमखास पडतो: टेबल स्त्रीलिंगी कसं काय? इंग्रजीतून फ्रेंच समजून घेताना हे विचित्र वाटतं, कारण इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या नावांना लिंग नसतं. मराठीत मात्र असतं. तो रस्ता, ती खिडकी, ते घर हे आपण विचार न करता बोलतो.

फरक कुठे आहे?

फ्रेंचमध्ये दोनच लिंगं आहेत, नपुंसकलिंग नाही. त्यामुळे ‘ते घर’ तिथे ‘ला मेझों’ म्हणजे स्त्रीलिंगी होतं, तर ‘ते पुस्तक’ ‘ल लिव्र’ म्हणजे पुल्लिंगी. आपला चंद्र ‘तो’, फ्रेंचमध्ये मात्र ‘ती’. म्हणून मराठीतलं लिंग तिकडे नेऊन चालत नाही. प्रत्येक नाम ‘ल’ किंवा ‘ला’सकटच पाठ करावं लागतं. ‘लिव्र’ पुल्लिंगी असेल तर पुस्तक, स्त्रीलिंगी असेल तर पाउंड!

मराठी कुठे कामी येते?

• ‘त्यू’ आणि ‘वू’ म्हणजे साधारण आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’. अनोळखी माणसाशी ‘वू’च वापरायचं.

• आपण ‘त्याचं पुस्तक’, ‘त्याची वही’ म्हणतो, म्हणजे वस्तूच्या लिंगानुसार रूप बदलतो. फ्रेंचमध्येही ‘सों लिव्र’, पण ‘सा मेझों’. फक्त मालक ‘तो’ की ‘ती’, हे त्यावरून कळत नाही.

• ‘तो गेला, ती गेली’ यातला बदल फ्रेंचमध्येही होतो, पण फक्त लिहिताना. उच्चार दोन्हीकडे ‘आले’च.

खरी अडचण कानाची

‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’, ‘ते बोलतात’ यांची क्रियापदं फ्रेंचमध्ये तीन वेगळ्या प्रकारे लिहितात. ऐकू मात्र तिन्ही वेळा ‘पार्ल’च येतं, कारण शेवटची अक्षरं उच्चारली जात नाहीत. नुसते तक्ते पाठ केलेला विद्यार्थी इथे अडखळतो.

याची किंमत परीक्षेतही मोजावी लागते. डेल्फ ए-1 परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं यांना प्रत्येकी 25 गुण असतात. उत्तीर्ण व्हायला 100 पैकी 50 पुरतात, पण कोणत्याही एका भागात 5 पेक्षा कमी मिळाले तर एकूण गुण कितीही असोत, नापास.

त्यामुळे नवा शब्द वहीत उतरवताना तो ‘ल’ किंवा ‘ला’सह लिहा आणि त्याच दिवशी त्याचा उच्चारही ऐका.