न केलेल्या गोष्टींची रुखरुख

नशिबाने ओढवलेले दुःख आणि स्वतःच्या निर्णयातून आलेले दुःख यांत मानसशास्त्र फरक करते. अवकाळी पावसाने पीक आडवे झाले तर शेतकऱ्याला दुःख होते. परंतु पीकविम्याचा अर्ज मुदतीत भरला नाही म्हणून भरपाई बुडाली, तर त्या दुःखात ‘आपलेच चुकले’ ही टोचणी मिसळते आणि त्याचा पश्चात्ताप होतो. आपण वेगळे वागलो असतो तर आज बरे झाले असते, ही तुलना मनात झाल्याखेरीज पश्चात्ताप उत्पन्न होत नाही. घडलेल्याच्या शेजारी न घडलेले मांडून पाहण्याच्या या क्रियेला अभ्यासक प्रतितथ्यात्मक विचार असे जड नाव देतात. घरोघरी तिलाच ‘जर-तर’ म्हणतात.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या इस्रायली मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली एक साधा प्रश्न लोकांपुढे ठेवला. एका गुंतवणूकदाराने आपले शेअर विकून दुसऱ्या कंपनीचे घेण्याचा विचार केला, पण घेतले नाहीत. दुसऱ्याने जवळचे शेअर विकून टाकून नवे घेतले. आणि दोघांच्याही लक्षात आले की उलट केले असते तर बाराशे डॉलर अधिक हाती आले असते. नुकसान तंतोतंत सारखे असूनही ९२ टक्के लोकांच्या मते जास्त पश्चात्ताप दुसऱ्याला, म्हणजे ज्याने काहीतरी केले त्याला, होणार होता. जैसे थे राहणे माणसाला स्वाभाविक वाटते आणि त्या स्थितीतून उठून केलेली कृती अंगलट आली की ती अधिक झोंबते, असा याचा अर्थ लावला गेला.

मात्र अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकारी व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना स्वतःच्या आयुष्याबद्दल विचारले, तेव्हा चित्र पालटले. गेल्या आठवड्याचा विचार करताना केलेल्या आणि न केलेल्या गोष्टींची पारडी जवळपास समतोल होती. परंतु सबंध आयुष्याकडे वळून पाहताना ८४ टक्के लोकांना न केलेल्या गोष्टी अधिक सलत होत्या. लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील अतिशय बुद्धिमान मुलांचा एक प्रदीर्घ अभ्यास सुरू केला होता. त्या मुलांनी म्हातारपणी लिहून दिलेल्या उत्तरांतही शिक्षण अर्धवट सोडले, मनाजोगता व्यवसाय धरला नाही, अशा राहून गेलेल्या गोष्टी केलेल्या चुकांच्या कितीतरी पुढे होत्या.

असे का व्हावे, याचे उत्तर या विषयाचा गाभा आहे. केलेल्या चुकीवर माणूस इलाज करतो: नोकरी बदलतो, माफी मागतो, न जमलेल्या संसारातून बाहेर पडतो, आणि ज्यावर इलाज नसतो त्यातही ‘निदान मुले तरी गुणी निघाली’ अशी समजूत शोधून काढतो. आपले वर्तन आणि आपल्या धारणा यांतला विसंवाद मनाला सोसवत नाही, म्हणून मन तो मिटवत राहते, हे लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ साली मांडले होतेच. न केलेल्या गोष्टीला असा उतारा मिळत नाही, कारण तिचा तोटा मोजता येत नाही. बुडालेल्या धंद्याचा आकडा खातेवहीत असतो, पण कधी सुरूच न केलेला धंदा कल्पनेत दर वर्षी वाढता नफा देत राहतो. त्यातच, त्या वेळी मागे खेचणारी भीती काळाबरोबर विरून जाते. विशीत मुंबईला जाण्यापासून अडवणारा राहण्या-जेवण्याचा प्रश्न पन्नाशीत क्षुल्लक भासतो आणि तेव्हाचा विवेक हा भित्रेपणा वाटू लागतो. हा तरुण वयातल्या स्वतःवर केलेला अन्यायच म्हटला पाहिजे, कारण तेव्हा रिकामा असलेला खिसा खरोखरच रिकामा होता.

कानेमन यांना हा निष्कर्ष पटला नव्हता. न केलेल्या गोष्टींची आठवण ही बहुधा हुरहुर असते, तिला रात्रीची झोप उडवणाऱ्या पश्चात्तापाच्या पंक्तीला बसवू नये, असा त्यांचा आक्षेप होता. विद्वानांच्या जगात विरळा घडणारी गोष्ट म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून संशोधन केले आणि १९९८ साली एकत्र निबंध लिहिला. केलेल्या कृतींशी राग आणि लाज यांसारख्या तप्त भावना जोडलेल्या आढळल्या. न केलेल्यांशी हुरहुर जोडलेली होती, पण तिच्याबरोबर रितेपणा आणि खिन्नताही होती. म्हणजे कानेमन अर्धे बरोबर ठरले. ‘मनात आले की करून टाका’ असा सल्ला या संशोधनाच्या नावावर सर्रास खपवला जातो, त्याला म्हणूनच फारसा आधार नाही: खंत किती जणांना वाटते आणि ती किती खोल असते हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ज्याच्या कृतीने दुसऱ्याचे आयुष्य उद्ध्वस्त झाले त्याची खंत टक्केवारीत लहान असली तरी वजनाने लहान नसते.

२०१८ साली शाय डेव्हिडाय आणि गिलोविच यांनी या चित्रात आणखी एक रेघ ओढली. माणसाच्या मनात आपण कसे वागले पाहिजे याची एक प्रतिमा असते आणि आपण कोण होऊ शकलो असतो याची दुसरी. कर्तव्यात झालेली कसूर माणूस लवकर निस्तरतो, दुसऱ्या प्रतिमेपासून पडलेले अंतर मात्र तसेच राहते आणि वार्धक्यात तेच अधिक बोचते.

यांतील बहुतेक अभ्यास अमेरिकी लोकांवर झाले, तरी चीन, जपान आणि रशिया येथे केलेल्या व २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेतही न केलेल्या गोष्टींचेच पारडे जड निघाले. जिथे शिक्षण आणि लग्न वडीलधारी मंडळी ठरवत आली, त्या महाराष्ट्रातील घरांना हे निष्कर्ष लावताना मात्र एक अडचण येते. भावाला कॉलेजात घालून जिचे शिक्षण मॅट्रिकनंतर थांबवले गेले, तिच्याकडे निर्णयच नव्हता, म्हणून व्याख्येनुसार तिला दुःख होऊ शकते, पश्चात्ताप नव्हे. तरीही अशा पिढीतल्या बायका ‘तेव्हा हट्ट धरायला हवा होता’ असे म्हणतात. घरातल्यांनी घेतलेला निर्णय त्या चाळीस वर्षांनी स्वतःच्या नावावर लावून घेतात, आणि त्यांचे न बोलणे हीच त्यांनी न केलेली गोष्ट ठरते.