तळणाचे भांडे निवडताना



गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या शाळेतले गुरुजी माझ्याकडे आले. त्यांच्या गावात बारा बायकांचा एक बचत गट आहे. या गटाने दोन वर्षे साध्या कढईत वडे, भजी आणि चकल्या तळून एस. टी. स्टँडवर आणि आठवड्याच्या बाजारात विकल्या. माल खपू लागला, हातात चार पैसे आले, बँकेने कर्ज दिले; आणि गटाने शहरातून एक चकचकीत, दोन हौदांचा विजेचा फ्रायर आणला. फ्रायर म्हणजे तळणाचे यंत्र. चार महिन्यांत ते यंत्र कोपऱ्यात जाऊन बसले आणि जुनी कढई पुन्हा शेगडीवर चढली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच. गुरुजी म्हणाले, “सर, यंत्र वाईट नाही हो. बिघडलेलंही नाही. मग आमचं चुकलं कुठं?”

मी अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. कढईशी माझा संबंध खाण्यापुरता. पण हा प्रश्न शेवटी हिशेबाचाच होता. मी गटाची वही मागवली, दोन-तीन जुन्या आचाऱ्यांना भेटलो, कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना गाठले. तेव्हा ध्यानात आले ते असे की, या भगिनींनी यंत्र पाहून यंत्र घेतले होते. आपला घाणा पाहून घेतले नव्हते. आज बोलायचे आहे ते एवढ्याबद्दलच. गावातले हॉटेल असो, वड्याची गाडी असो, फरसाणाचा छोटा कारखाना असो किंवा बचत गट असो, तळणाचे भांडे निवडायचे कसे?

आधी तळणे म्हणजे काय, ते पाहू. आपण भजे तेलात सोडले की बुडबुडे येतात. लोक म्हणतात, तेल उकळतंय. ते तेल उकळत नसते बरं का! तेल साधारण १७० ते १८० अंशांवर असते, आणि भज्यातले पाणी १०० अंशांनाच वाफ होऊन बाहेर पडते. ते बुडबुडे त्या वाफेचे. वाफ जोराने बाहेर येत असते तोवर तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही, आणि वरचे आवरण वाळून कुरकुरीत होते. तेल थंड असले तर वाफेचा जोर कमी पडतो, आवरण धरायला वेळ लागतो, आणि पदार्थ तेल पीत राहतो. तेलकट वडा हा चुलीचा दोष असतो, वडा करणारणीचा नव्हे. आणखी एक गंमत. घाणा तेलातून बाहेर काढला की आतली वाफ निवते आणि पदार्थ वरचे तेल आत ओढून घेतो. म्हणून झारा वर काढताच दोन झटके देऊन माल निथळायचा असतो; परातीत ओतून मग निथळतो म्हटले, तर उशीर झालेला असतो.

आता थोडे गणित. शिक्षक बंधूंनी ते वर्गात फळ्यावर करून दाखवावे. १ ग्रॅम पाणी ३० अंशांवरून उकळीला न्यायला ७० कॅलरी उष्णता लागते. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात. म्हणजे तळणातली खरी उष्णता खाते ती वाफ. समजा, आपण ८ लिटर तेलात १ किलो ओला माल सोडला आणि तळताना त्यातले २०० ग्रॅम पाणी उडाले. त्या पाण्याची वाफ करायला १०८ किलोकॅलरी गेल्या. माल तापवायला आणखी सुमारे ५० धरा. एकूण झाल्या १६० च्या आसपास. तेलाला तापायला पाण्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता लागते. ८ लिटर तेल १ अंशाने चढवायला सुमारे ४ किलोकॅलरी पुरतात. याचा अर्थ काय झाला? खालून विस्तव नसता, तर एवढ्या एका घाण्याने तेल १८० वरून १४० अंशांवर उतरले असते!

ही ४० अंशांची तूट खालची आच किती वेळात भरून काढते, यावर सगळा धंदा उभा आहे. ३ किलोवॉटचा विजेचा फ्रायर मिनिटाला सुमारे ४३ किलोकॅलरी देतो. म्हणजे चार मिनिटांत तूट भरली. वडा तळायलाही चार-पाच मिनिटेच लागतात. मेळ बसला. पण तोच हौद आणि १ किलोवॉटचे तापकांड असेल, तर अकरा मिनिटे लागतील. तोवर गिऱ्हाईक थांबत नाही. आपण थंड तेलात दुसरा घाणा सोडतो, आणि तेलकट माल पुढ्यात येतो. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न ‘तेल किती मावतं?’ हा विचारू नये. ‘किती लिटरला किती किलोवॉट?’ हा विचारावा. आणि घाण्याचा साधा नियम लक्षात ठेवावा: मालाच्या वजनाच्या सहा ते आठपट तेल असावे. ८ लिटरच्या हौदात एका वेळी किलो-सव्वा किलोच्या वर माल घालू नये.

आता आपल्या खेड्यांतली खरी अडचण. किलोवॉटचा हा आकडा २३० व्होल्टसाठी लिहिलेला असतो. संध्याकाळी, ऐन वड्याच्या वेळी, दाब १८० व्होल्टवर आला तर काय होते? कोणाला वाटेल, थोडी आच कमी. तसे नाही. दाब एकपट घटला की उष्णता वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टला ३ किलोवॉटच्या यंत्राची शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी जाते. चार मिनिटांची भरपाई सहा मिनिटांवर जाते. आमच्या गटाचे पहिले दुखणे इथे होते. दुकानात यंत्र चालवून दाखवले ते शहरातल्या विजेवर. चालवायचे होते ते गावातल्या विजेवर. तेव्हा विजेचा फ्रायर घेण्याआधी आठवडाभर संध्याकाळी व्होल्टेज मोजा. ३ किलोवॉटला १३ अँपिअर लागतात. त्याला १६ अँपिअरचे स्वतंत्र बटण, जाड तार आणि चांगले अर्थिंग हवे. ६ किलोवॉटला २६ अँपिअर होतात. ते घरगुती वायरिंगचे काम नव्हे.

दाब भरवशाचा नसेल तर गॅसचा फ्रायर किंवा गॅसवरची कढई बरी. मात्र धंद्याला १९ किलोची व्यापारी टाकीच वापरायची. घरची १४.२ किलोची टाकी धंद्यावर लावणे कायद्याने चालत नाही. विजेचे तापकांड तेलातच बुडालेले असते, म्हणून त्याची जवळजवळ सगळी उष्णता तेलाला मिळते. गॅसवर बराच भाग कढईच्या कडेने निघून जातो. म्हणून वीज आणि गॅस यांचे नुसते दर पाहून चालत नाही. दोन्हींवर तोच दहा किलो माल तळून पाहावा आणि खर्च मांडावा.

आता तेलाकडे येऊ, कारण तळणाच्या धंद्यात भांड्याचा पैसा एकदाच जातो, तेलाचा रोज जातो. मोठा हौद घेतला की बरे वाटते. मोठ्या हौदात तेल कमी उतरते, हेही खरे. पण मोठ्या हौदात तेल म्हातारे होते. कसे ते सांगतो. रोज काही तेल मालात मुरते, तेवढे नवे आपण ओततो. आमच्या गटाचा रोजचा माल १५ किलो. दर किलोला १०० मिलिलिटर तेल मुरते असे धरा, म्हणजे रोज दीड लिटर. दोन हौदांत मिळून तेल ३० लिटर. तेव्हा हौदाइतके नवे तेल पडायला वीस दिवस हवेत! ८ लिटरच्या हौदात तेच पाच-सहा दिवसांत होते. वीस दिवस रोज तापणारे तेल काळवंडते, चिकट होते, लवकर धुरावते, आणि त्याचा फेस बसता बसत नाही. शेवटी ते फेकावे लागते, किंवा न फेकता लोकांना खाऊ घातले जाते. दुसरे पहिल्याहून वाईट. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यासाठी मर्यादा घातली आहे. तेल बिघडताना त्यात जी द्रव्ये तयार होतात, त्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. ती २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल तळणाला वापरता येत नाही. १ जुलै २०१८ पासून हा नियम लागू आहे. ते मोजायचे हातात धरण्याजोगे यंत्रही मिळते. वापरलेले तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजनाही प्राधिकरणाने २०१८ सालीच सुरू केली. तेव्हा काळे तेल ना गटारात, ना स्वस्तात दुसऱ्याच्या कढईत.

आता आकार. कढईचा तळ गोल, आणि विस्तव नेमका तळाखाली. बेसनाचे कण, भज्याचे तुकडे खाली बसतात ते सर्वांत तापलेल्या जागी. तिथे ते जळतात आणि तेल काळे करतात. चांगल्या फ्रायरमध्ये तापकांड तळापासून काही बोटे वर असते. तापलेले तेल वर चढते, खालचे तेल त्या मानाने थंड राहते. कण त्या थंड थरात जाऊन पडतात आणि जळत नाहीत. फ्रायरचा खरा गुण तो हा. ज्यांच्या मालाचा चुरा फार पडतो, त्या भजीवाल्यांनी आणि वडेवाल्यांनी हा थर खोल आहे ना, ते हात घालून पाहावे. अर्थात यंत्र रिकामे आणि थंड असताना.

पण कढईचाही एक गुण आहे. हा अरुंद, जाळीच्या टोपलीचा फ्रायर मुळात बटाट्याच्या फोडींसारख्या मालासाठी सोयीचा. आपली शेव सोऱ्यातून गोल फिरवत पाडायची असते, चकल्या मोकळ्या तरंगायला हव्यात, पुरी फुगायला जागा हवी. त्यांना खोली नको, रुंदी हवी. भज्याचे पीठ टोपलीत सोडले तर जाळीलाच चिकटून बसते. तिथे टोपली काढून ठेवावी आणि झाराच वापरावा. आमच्या गटाचे दुसरे दुखणे हे. निम्मा माल चकलीचा, आणि हौद वीतभर रुंदीचा!

धातूविषयी एकच सांगतो. तांबे आणि पितळ यांच्या स्पर्शाने तेल फार लवकर खवट होते. लोखंडाचाही थोडा दोष आहे. स्टेनलेस स्टील सर्वांत निर्धोक. हौद स्टीलचा आणि तेल काढायची तोटी आतून उघड्या पितळेची, असा प्रकार असतो. तो नीट पाहून घ्यावा. पण तोटी हवीच. वीस किलोची गरम कढई दोघींनी कडीला धरून उचलणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. तेल निवू द्यावे, विजेचे बटण बंद करावे आणि मगच तोटी उघडावी. तापकांड गरम असताना तेलाबाहेर उघडे पडले, तर त्यावर उरलेले तेल पेट घेऊ शकते.

तापमान राखणारा थर्मोस्टॅट हवा, आणि तो फसलाच तर यंत्र आपोआप बंद करणारी दुसरी कळही हवी. मुरलेला आचारी पिठाचा थेंब टाकून, तो किती वेळात वर येतो यावरून तेल ओळखतो. पण गटात आज एक बाई, उद्या दुसरी. तिथे १७५ वर लावलेला काटा सगळ्यांना सारखा माल काढून देतो. कढईच वापरणार असाल, तर तेलात बुडवायचा तापमापक घ्या. खर्च थोडा, उपयोग मोठा. १९० च्या वर तेल कधी नेऊ नये. आणि तेलाने पेट घेतलाच, तर पाणी मुळीच ओतू नका! पाण्याची तळाशी एकदम वाफ होते आणि जळते तेल छपरापर्यंत उडते. आच बंद करा, घट्ट झाकण घाला, आणि ते झाकण उघडून पाहू नका. असे झाकण भांड्याबरोबरच विकत घ्यावे आणि हाताशी टांगून ठेवावे.

आता त्या गटाचे काय झाले, ते सांगून संपवतो. यंत्र परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता. मग वही समोर ठेवून आम्ही ठरवले: एकच हौद भरायचा, तोही वड्या-भज्यांसाठी, आणि दाब पुरेसा असतो त्या सकाळच्या वेळी. चकली आणि शेव गॅसवरच्या रुंद कढईत. दुसरा हौद फक्त बाजारच्या दिवशी. तेलाचा खर्च उतरला; माल पुन्हा हलका आणि खुसखुशीत होऊ लागला. हप्ते अजून फिटायचे आहेत, पण आता ते वड्यांच्या पैशातून जातात, घरच्या नव्हे. गटाच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, “सर, हाच हिशेब आधी केला असता, तर निम्म्या पैशात झालं असतं.”

त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून आपल्या गावात कोणी तळणाचा धंदा काढत असेल, तर गुरुजींनो, दुकानात जाण्यापूर्वी त्यांना पाटीवर चार ओळी लिहायला सांगा. आपण काय तळणार? सर्वांत गर्दीच्या तासात किती किलो? त्या तासाला वीज किंवा गॅस किती जोराचा मिळणार? आणि हौदातले तेल किती दिवसांत नवे होणार? या चार ओळी लिहून झाल्या की कोणते भांडे घ्यायचे, हे दुकानदाराला विचारावे लागत नाही.